सातवी इमेज

सन्मतीने पेनड्राइव्ह लावला, बटण दाबले. पंखा घुरघुरला. पडदा काळाच राहिला.

पडद्यासमोर अनुराधाबाई कानांना हेडफोन लावून बसल्या होत्या. जन्मापासून दृष्टी नाही. निपाणीजवळच्या अंधशाळेला वीस जुने कॉम्प्युटर मिळाले होते. त्यांवर नवी सिस्टिम बाईंनी एकटीने चढवून दाखवली, तर लॅब त्यांच्या ताब्यात. नाहीतर डोळस माणूस नेमायचा, असे सेक्रेटरी आप्पाण्णांनी ठरवून टाकले होते. ते टेबलापलीकडे बसले होते. त्यांना मॉनिटरची फक्त पाठ दिसत होती.

सिस्टिम चढवणाऱ्या फाइलला इमेज म्हणतात. नेहमीची इमेज मुकी, तिचे सगळे प्रश्न पडद्यावर. दुरुस्तीचे दुकान सांभाळून सन्मतीने दीड महिना खपून बाईंसाठी वेगळी इमेज बांधली होती. प्रत्येक प्रश्न मराठीत वाचून दाखवणारा आवाज तिच्यात घातला होता. आधीच्या सहा इमेज अशाच काळ्या पडद्यावर मेल्या होत्या. ही सातवी.

पाच मिनिटे गेली. दहा गेली. बुवांनी अभंग उचलण्याआधी मंडप गप्प होतो, तशी खोली गप्प. बाईंची बोटे पेटीवर ठेवावी तशी कळांवर टेकलेली. मध्येच एखादी कळ दाबली जाई, की पुन्हा शांत. काळ्या काचेत सन्मतीला स्वतःचाच घामेजलेला चेहरा दिसत होता. मनात णमोकार मंत्राचा जप चालू होता.

"का रं, मशीन झोपलं व्हय?" आप्पाण्णा हसले.

सन्मतीला राहवेना. "बाई, ऱ्हाऊ दे. बंद करतो." त्याने वाकून पेनड्राइव्हला हात घातला.

बाईंची चापट त्याच्या मनगटावर बसली.

"हात काढ! साठ टक्के झालंय. आता उपटलास तर सगळंच जाईल."

सन्मतीने हात मागे घेतला. बाई आकडे सांगू लागल्या. सत्तर. नव्वद. मग त्यांनी हेडफोनची वायर काढून स्पीकरची लावली. खोलीभर आवाज घुमला, "स्वागत आहे. तुमचे नाव टाइप करा."

सन्मतीचे डोळे भरून आले.

आप्पाण्णा मात्र मान हलवत उठले. "झालं खरं. पर ह्यो शेजारीच उभा हुता की, बाई. पडद्यावरचं बघून ह्यानंच तुम्हाला हळूच हात लावून खुणावलं नसंल कशावरनं?"

"काय बघून, आप्पाण्णा?" बाई म्हणाल्या. "मॉनिटरची पिन मी सकाळीच काढून ठेवलीया."