अप्पांचा करंट

परळीचे भुसार व्यापारी बसप्पा झोपले की त्यांचा श्वास अडकायचा. हैदराबादच्या डॉक्टरांनी नाकावर लावायचं विजेचं मशीन दिलं आणि घर न सोडणाऱ्या बसप्पांना आयतंच निमित्त सापडलं. जगदेवीनं श्रीशैलचं नुसतं नाव काढलं, तरी ते बायकोवर डाफरायचे, "अगं, वाटंत मशीनला करंट कोन देनार? आपल्या गावातच वीज बनती. हितंच बरं हाय!"

शेवटी पोरगा, संगमेश, इरेला पेटला. त्यानं घरच्या मॅटाडोर गाडीतली बाकडी काढून गाद्या टाकल्या, सीटमागं ट्रकची बॅटरी आणि इन्व्हर्टर बसवला आणि म्हणाला, "अप्पा, आता बोला!"

अप्पा तोंड फुगवून चढले खरे, पण श्रीशैलच्या यात्रेत आठ दिवस गाडीत असे गाढ झोपले, की देवदर्शनालाही त्यांना हलवून उठवावं लागलं.

परतल्यावर दुपारी जेवून ते स्वतःच्या पलंगावर आडवे झाले, मशीन नाकाला लावलं, आणि लाईट गेली. पुढचे चार तास लोडशेडिंग. खिडकीतून वीज केंद्राच्या चिमण्या निवांत धूर सोडताना दिसत होत्या. बसप्पांनी एका काखेत उशी मारली, दुसऱ्या काखेत मशीन, आणि तरातरा बाहेर पडले.



तेव्हापासून दुपारी कुणी "मालक हायत का?" म्हणून आलं, की जगदेवी दारातल्या मॅटाडोरकडं बोट दाखवते, "न्हाईत. यात्रेला गेलेत."