तिनं नाही रांधलं?

"हॅलो, तिथं सल्ला मिळतो ना?"

आंटी पोकुवाने फोन कानापासून लांब धरला आणि त्याच्याकडेच रागाने पाहिलं. सकाळपासून तिच्या खाणावळीचा फोन थांबत नव्हता, आणि एकानेही फूफू, म्हणजे कुटलेल्या कंदाचा गोळा, आहे का म्हणून विचारलं नव्हतं.

"इथं फूफू मिळतो. पामफळांचं कालवण मिळतं. बकऱ्याचं मटण मिळतं," ती म्हणाली.

"ते नको हो. बायको गुरुवारपासून रांधत नाहीये. बोलतही नाही. मी काय करू?"

"काय केलंस तू तिला?"

 पलीकडून फोन बंद झाला.

बाकावर लॅपटॉप घेऊन बसलेल्या बाडूने मान खाली घातली. घानातल्या कोफोरिडुआत वेबसाइट बनवून देणारे चिकार होते, पण नेटवर शोधणाऱ्याला ती सगळ्यात वर दिसावी म्हणून खटपट करणारा तोच एक. स्टँडसमोर गार हवेचं नवं हॉटेल निघाल्यापासून आंटीची पातेली संध्याकाळी जशीच्या तशी उरायला लागली होती. महिनाअखेरपर्यंत गिऱ्हाईक वळलं नाही तर खाणावळीला कुलूप लावायचं आणि टेमा शहरात मुलाकडे जाऊन राहायचं, असं ठरलं होतं. तिथे सुनेच्या हातचं खावं लागणार. सून कालवणात पुडीतला मसाला घालायची. त्यापेक्षा आंटीला मरण परवडलं असतं.

"तू मला पहिला नंबर आणून देणार होतास," आंटी म्हणाली.

"आणलाय ना, आंटी."

"कशात?"

"'बायको रांधत नाही, काय करावं?'" बाडू पुटपुटला. "अख्ख्या घानात कुणीही असं शोधलं, की सगळ्यात वर तुम्हीच."

घोळ सगळा पाटीवरच्या नावाचा होता. 'तिनं नाही रांधलं?' हे खाणावळीचं नाव वाचून कोफोरिडुआत कुणाला हसूही येत नसे; अशा नावांच्या खाणावळी गल्लोगल्ली होत्या. बाडूने आधीच विनवलं होतं, की नाव बदला, 'कोफोरिडुआ फूफू' असं साधंसुधं ठेवा. आंटीने पळी उगारली होती. मग त्याने वेबसाइटवर नाव तसंच ठेवलं आणि त्याखाली, त्या नावाला शोभतील असे प्रश्न लिहून टाकले. नेटवर शोधून देणाऱ्या मशीनला वाटलं, इथे उत्तरं मिळतात.

"मी जेवणारे मागितले होते. तू रडणारे आणलेस!"

मुसळाने फूफू कुटणारा येबोआ खो खो हसला. आंटी उखळात गोळा उलटायला बसली होती. "हसू नकोस मेल्या, माझा हात आहे आत!"

तेवढ्यात रस्त्यावर प्रवाशांनी भरलेली ट्रोट्रो मिनीबस थांबली. कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला एक माणूस उतरला. त्याने पाटी पाहिली, हातातला फोन पाहिला, परत पाटी पाहिली.

"मी न्सावामहून आलोय. सल्ल्याचं ऑफिस हेच का?"

आंटी तोंड सोडणारच होती. पण शर्टाच्या वर त्याची बसलेली गालफडं तिला दिसली. तिने बाडूकडे पाहिलं, भरल्या पातेल्यांकडे पाहिलं.

"हेच," ती म्हणाली. "पण रिकाम्या पोटी मी कुणाचं ऐकून घेत नाही. बस. हात धू."

पहिल्या घासाला तो माणूस म्हणाला, की त्याची काहीच चूक नाही. अर्धा वाडगा संपल्यावर म्हणाला, थोडी असेल. मटणाच्या तुकड्यापाशी पोचल्यावर डोळे पुसत कबूल झाला, की मेहुण्याच्या मयताला जमलेल्या चारचौघांत त्याने सासूला चिक्कू म्हटलं होतं.

"अरे देवा!" येबोआने मुसळ खाली ठेवलं.

"काकाला पुढं कर," आंटी म्हणाली. "दारूची बाटली घेऊन सासूच्या दारी जा. बोलायचं ते काका बोलेल. तू तोंड उघडलंस तर मी जबाबदार नाही."

तो जाईपर्यंत आणखी दोघे हात धुऊन बसले होते. एक सुहूमचा, दुसरा चक्क राजधानीहून, आक्राहून आलेला. फोन पुन्हा वाजला. या वेळी आंटीचा आवाज मधाळ होता. "फोनवर नाही सांगत, बाळा. ये. भुकेला ये."

दुपार कलताना मोठ्या पातेल्याचा तळ दिसला आणि आंटीचा जीव भांड्यात पडला. खरवडून खरवडून तिने शेवटचा वाडगा भरला आणि बाडूपुढे ठेवला. सुनेचं कालवण आता त्याच्यामुळेच टळणार होतं. बाडूने नको-नको केलं नाही. वाडग्यावर असा तुटून पडला की येबोआ बघतच राहिला.

आंटीने कमरेच्या फडक्याला हात पुसले, त्याचा लॅपटॉप पुढे ओढला आणि चष्मा लावून आपलं पान पहिल्यांदाच नीट वाचायला घेतलं.

"'ताट झाकून ठेवते, उघडलं तर आत काही नसतं, काय करावं?'" तिने मोठ्याने वाचलं. "'शेजाऱ्यांशी हसून बोलते, मी आलो की रेडिओ लावते.' 'रात्रभर कॉम्प्युटरपाशी बसतो म्हणून चिडलेल्या बायकोची समजूत कशी काढावी?'" तिने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "बाडू, हे असलं कुणी शोधतं?"

"लोक शोधतात तेच लिहावं लागतं, आंटी. आमच्या धंद्याचा नियमच आहे."

"किती लोक शोधतात?"

बाडूने बोटं चाटली. वाडगा तिरका करून तळाचं कालवण प्यायला. मग हळूच म्हणाला, "एक."