पिवळा गोल

"पण बाबा, चित्र काढायचं कशाचं?" सुनेनं हातातली कात्री तशीच धरून विचारलं.

आजोबा गडबडले. कॉलेजातलं शिकवणं संपून वर्षं झाली, तरी ईश्वर या विषयावर ते तासतासभर बोलत. ऐकणारे जांभया देत, आजोबा काही दमत नसत. आणि आता तळहाताएवढ्या कार्डापुढे त्यांची बोलती बंद झाली होती.

देवाचं कार्ड हवं होतं नातीसाठी. ठमीला ऑटिझम होता. सात वर्षांची झाली तरी एक शब्द बोलत नव्हती, आणि आईखेरीज कुणाला हात लावायची नाही. तिचा सगळा कारभार कार्डांवर चाले. नळाचं कार्ड दिलं की पाणी, झोपाळ्याचं दिलं की बाग. नियम साधा होता. ज्याच्या हातात कार्ड आलं, त्यानं ती गोष्ट हजर करायची. आजोबांच्या जिवाला मात्र एकच घोर होता. शब्दच नाहीत, तर पोर देवापर्यंत पोचणार कशी?

"आणि तिनं ते कार्ड तुमच्याच हातात ठेवलं तर?" सून हसत म्हणाली. "द्यावा लागेल हं!"

"पुढचं पुढे बघू," म्हणत आजोबांनी प्रकाशाची खूण म्हणून एक पिवळा गोल कापला आणि कार्डावर चिकटवून मोकळे झाले.

मग ते ठमीसमोर बसले. "हा देव. म्हणजे जो सगळीकडे असतो, पण दिसत..."

ठमीनं कार्ड घेतलं, निरखलं आणि सरळ त्यांच्या हातात कोंबलं. म्हणजे मागितलं! आजोबा हरखले, आणि लगेच त्यांना घाम फुटला. ते समजावत राहिले. ठमी कार्ड कोंबत राहिली.

"मला नाही गं देता येत," शेवटी ते काकुळतीला येऊन म्हणाले. "तूच दे बाई." आणि कार्ड तिच्या हातावर ठेवलं.

नियम म्हणजे नियम. ठमी उठली. कधी नव्हे ते तिनं आजोबांचं मनगट धरलं आणि त्यांना ओढत बाथरूमशेजारच्या वॉशिंग मशीनपाशी नेलं. कपडे पिळले जात होते, मशीन घुमत होतं. ठमी खाली बसली. आजोबांचे गुडघे कुरकुरले, पण तेही बसले. तिनं त्यांचा तळवा मशीनच्या गोल दारावर दाबला, शेजारी आपला गाल टेकला, डोळे मिटले आणि मशीनच्याच सुरात बारीक हुंकार लावला. आजोबांच्या हातातून थरथर चढत छातीपर्यंत आली. त्यांनी बोलायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

"घ्या!" सून दारातून हसली. "गोल बघून तिला मशीनचं दार वाटलं. थांबा, दुसरं चित्र करून देते."

आजोबांनी हात न काढता नकारार्थी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी मशीन घुमायला लागलं, तसे आजोबा वर्तमानपत्र टाकून उठले आणि त्यांनी पिवळ्या गोलाचं कार्ड ठमीच्या हातावर ठेवलं.