पाहुण्यांसाठी ताजं

शेळी मेली तेव्हा तिचं पिल्लू मिनानं बाटलीनं दूध पाजून जगवलं. आता त्याचा दांडगा बोकड झाला होता आणि तांड्यावर सगळीकडं तिच्या मागं मागं फिरायचा.

तिला बघायला पुण्याहून पाहुणे येणार म्हणून लालसिंगनं, तिच्या बापानं, सकाळीच बोकड कापला.

"औंढ्याच्या दुकानातलं मटण कवाचं आसंल, कोण जाणे. पाव्हण्यायला ताजंच पायजे," तो म्हणाला. रस्साही मिनालाच करायला लावला. पाहुण्यांना पोरीच्या हातची चव बघायची होती.

मुलाच्या आईनं वाटी बाजूला सारली. "राग मानू नका हं. आम्ही पॅकेटमधलंच मटण खातो. असं घरी कापलेलं आम्हाला चालत नाही."

वरण-भात खाऊन पाहुणे उठले आणि "कळवतो" म्हणून गाडीत बसले.

मिना चुलीपुढं तशीच बसून राहिली. लालसिंगनं भरलं पातेलं ओढलं, तिला ताट वाढलं आणि तिच्यापुढं सरकवलं.



"रडून काहून राहिली? खाय. तुह्यासाठीच कापला व्हता."