पाटलांना कळलेला पिक्चर

एकाहत्तर साली खर्ड्याच्या जत्रेत तंबूत हिंदी पिक्चर लागला. मुलगी पंजाबी, मुलगा मद्रासी. सहादेव पाटलांना हिंदी कळेना, म्हणून मिशनच्या शाळेत शिकलेला मी, शलमोन, मागं बसून त्यांच्या कानात एकेक वाक्य मराठीत सांगत होतो.

शेवटी पंजाबी बापानं मद्रासी जावयाला पोटाशी धरलं, तेव्हा पाटील रडलेच. “मानूस एकच हाय रं शलमोन!” म्हणत मला चहा पाजायला हॉटेलवर घेऊन गेले.

“ह्याला पेशल दे,” डोळे पुसत ते हॉटेलवाल्याला म्हणाले. “अन् ह्याचा येगळा कप भाईर खुंटीला हाय, त्यातच वत.”

तो कप मी तिथंच दगडावर आपटला.



“पाटील, मला वाटलं, पिक्चर हिंदीत हाय म्हनून तुमाला कळत न्हाई!”