कोंबड्याचा दोष

गोजराबाईंनी खुडूक कोंबडीखालचं अंडं उन्हाकडे धरलं. याही खेपेला आत जीव नव्हता. "मेल्या, नुसता तुरा मिरवतोस! उद्या जावई येतोय, तूच शिजशील," म्हणत त्यांनी कोंबड्याला टोपलीखाली डाललं.

सून म्हणाली, "आत्याबाई, दोष त्याचा नाही. फवारणीच्या औषधाच्या कॅनमधलं पाणी पितो तो. त्यानं नराचं बीज बिघडतं, मग अंडं फळत नाही."

"तो कॅन कोंबड्यांच्या पाण्यासाठी मीच कापून ठेवलाय!"

"म्हणूनच आजवर बोलले नाही."

गोजराबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं, मग कॅन उचलून बाजूला टाकला आणि मातीचं पसरट परळ पाण्यानं भरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी जावयाला वांग्याचं कालवण मिळालं.

पुढच्या भेटीत त्याची नजर कोंबड्यावर गेली, तेव्हा अंगणभर पिल्लं चिवचिवत होती.

"तिकडं बघू नका, जावईबापू," गोजराबाई तोऱ्यात म्हणाल्या. "लेकुरवाळा आहे तो. मुकाट भाकरी मोडा."