हात वर करा

"दोन विनोद टाका, मॅडम. एखादा प्रश्न विचारा, हात वर करायला लावा. लोक जागे राहतात." अमरेशने केळीच्या रोगांवर संशोधन करणाऱ्या शिवकन्येच्या हातात माइक दिला. केळी परिषदेचं सूत्रसंचालन तोच करत होता. "आणि ती एक स्लाइड काढलीय बरं का. प्रायोजकांसमोर बरं नाही दिसत."

ती एक स्लाइड म्हणजेच तिचं भाषण होतं. केळीच्या पानांवर पिवळे पट्टे पाडणाऱ्या रोगाचा विषाणू तिला रोपांत सापडला होता. जमिनीत लावायच्या आधीच, रोपवाटिकेतून आलेल्या कोवळ्या रोपांत. ती रोपं विकणारी कंपनीच आजची प्रायोजक होती. परिषद भरली होती त्या नांदेडच्या मंगल कार्यालयाच्या दारात कंपनीचं टेबल मांडलेलं होतं. परिषद संपली की लोक तिथे थांबून पुढच्या लागवडीची रोपं नोंदवणार होते.

सत्कार लांबले होते. जेवणं उरकली होती. पुढे सोफ्यांवर कंपनीचे मॅनेजर आणि केळीचे व्यापारी. मागे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर अर्धापूर, हदगावकडचे शेतकरी. कोणी पेंगत होतं, कोणी मोबाइलवर बोट सरकवत होतं. शिवकन्या विषाणूबद्दल बोलू लागली तेव्हा दोघं तंबाखूची पिचकारी टाकायला उठून बाहेर गेले.

तिने बोलणं थांबवलं.

"ज्यांच्या बागेत पिवळे पट्टे आहेत, त्यांनी हात वर करा."

एकही हात वर आला नाही. यांतल्या कितीतरी बागा ती गेल्या महिन्यात स्वतः फिरली होती. पट्टे पडलेली पानं तिने त्यांच्याच देखत तोडून पिशवीत भरली होती.

"बघा मॅडम, रोग कुठंच न्हाई!" मॅनेजर सोफ्यावरून मोठ्याने म्हणाले. "आपल्या शेतकरी राजासाठी टाळ्या होऊन जाऊ द्या!"

टाळ्या झाल्या. शिवकन्येची कानशिलं तापली. ज्यांच्यासाठी उन्हातान्हात हिंडले, तेच तोंडावर खोटं पाडतात! माइक ठेवावा आणि निघून जावं, असं तिला वाटलं.

स्टेजच्या पायरीशी केवळाबाई बसली होती. अर्धापूरची, चार एकर केळी स्वतः राखणारी. ती खालच्या आवाजात म्हणाली, "येडं लागलं का बाई तुमाला? सोफ्यावर कोन बसलंय बगा की. त्येंच्या म्होरं हात वर केला तर उद्या माजा माल कोन कापून नेईल?"

शिवकन्येने सोफ्यांकडे पाहिलं. राग गेला नाही. फक्त त्याची दिशा बदलली. तिचा आवाज रागात नेहमी खाली उतरायचा, तसा आताही उतरला.

"माझा प्रश्न चुकला. आता उलटं विचारते. ज्यांच्या बागेत एकाही पानावर पट्टा नाही, त्यांनी हात वर करा."

लोक एकमेकांकडे पाहू लागले. मघाशी नुसतं गप्प राहायचं होतं. आता बांधाला बांध लागून असलेल्या शेजाऱ्याच्या देखत खोटं बोलावं लागणार होतं.

मधल्या रांगेतून एक हात हळूच वर आला.

"किशनराव, घ्या खाली!" पलीकडून कोणीतरी ओरडलं. "तुमचा न् माजा बांध येकच हाय. माज्या बागेत उभं राहून तुमचे पट्टे मोजतो मी!"

हशा पिकला. हात खाली गेला. मग हसणं आपोआप विरलं.

मॅनेजर सोफ्यावरून वळून मागे पाहत होते. व्यापारीही पाहत होते. हॉलभर माणसं हात मांडीवर ठेवून बसली होती. आता माल नाकारायचा तर सगळ्यांचाच नाकारावा लागणार होता.

"हा रोग तुमच्या मातीतला नाही," शिवकन्या म्हणाली. "तुमच्या पाण्यातला नाही. तुम्ही विकत आणलेल्या रोपांत…"

माइक बंद पडला. तिने मागे पाहिलं. अमरेश साउंडवाल्याजवळ उभा होता.

"वेळ संपली, मॅडम," तो हसून म्हणाला.

तिने माइक टेबलावर ठेवला आणि स्टेजच्या कडेला आली.

"मागे ऐकू येतंय का?"

"न्हाई!"

मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला. एक, आणखी एक, मग सगळ्याच रांगांतून. शेतकरी आपापल्या खुर्च्या उचलून पुढे येत होते. सोफ्यावरच्या मंडळींना पाय आत घ्यावे लागले.